विचार त्याला, दरवाज्याचे किती?

एलियासकाका भाव करायला बसले की समोरच्या माणसाशी बोलत नसत, माझ्याशी बोलत. समोरचा माणूस म्हणजे सॅमसन, बेर्शेबातल्या आमच्या गॅरेजचा मालक. तो हातभर अंतरावर स्टुलावर बसलेला असे, दोन्ही कान शाबूत. तरी काका माझ्याकडे वळून म्हणत, "लिलीबाय, विचार त्याला, दरवाज्याचे किती?" मग मी सॅमसनकडे वळायचं आणि विचारायचं, "दरवाज्याचे किती?" सॅमसनही माझ्याचकडे बघून सांगायचा, "बोल त्याला, सातशे." की मी परत काकांकडे, "सातशे." मानेचा व्यायाम चांगला व्हायचा.

हे सगळं मराठीत बरं का, आम्ही सगळे कोकणातून या देशात आलेले यहुदी. नोकरीला लागले तेव्हा मला सांगितलं होतं की फोन घ्यायचे, विम्याचे कागद करायचे, चहा ठेवायचा. दुभाषाचं काम आहे, आणि तेही मराठीतून मराठीत, असं कोणी बोललं नव्हतं.

आणि हे दोघे सख्खे भाऊ. काका थोरले, सॅमसन धाकटा.

आमचं गॅरेज डेंटिंग-पेंटिंगचं. इंजिनाला आम्ही हात लावत नाही. ठोकलेला पत्रा सरळ करायचा, पुटी भरायची, घासायचं, रंग मारायचा. शेडमध्ये दिवसभर ठोकाठोक आणि कंप्रेसरचा आवाज, आणि कोपऱ्यात काचेची एक खोली, ते माझं ऑफिस. नेगेवच्या वाळवंटाची धूळ त्या खोलीत कुठून शिरते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सॅमसन मुंबईत असताना पोरवयात भायखळ्याच्या एका गॅरेजात रंगकाम शिकला होता आणि इथे आल्यावर त्याने तेच पुढे चालवलं. काकांनी अश्केलोनला पाइपांच्या कारखान्यात जन्म काढला आणि पेन्शनीत निघाले. काकू आधीच गेल्या होत्या. मुलं तेल अवीवकडे, फोन करायची ती हिब्रूतून.

काका उंच, काटकुळे. शर्टाला कडक इस्त्री, डोक्यावर टोपी, पायात उन्हाळ्यातसुद्धा मोजे. गाडी म्हणजे एक जुनी पांढरी सुबारू. त्या काळी या देशात प्रत्येक दुसऱ्या घरी ती होतीच. अश्केलोनहून बेर्शेबाला यायला माणसाला तासभर लागतो. काकांना जवळजवळ दोन लागायचे, कारण ते सगळ्या ट्रकांना पुढे जाऊ देत. मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला की काच खाली करून त्याला म्हणत, "जा बाबा, जा, तुझं लगीन असेल." मराठीत.

मी एकदा विचारलं, "काका, तुमच्या बिल्डिंगच्या खालीच गॅरेज आहे ना? एवढ्या लांब कशाला येता?"

"तो रुमानियाचा," काका म्हणाले. "त्याला मराठीत भाव करता येतो काय?"

भाव करणं ही काकांची खरी आवड. आणि त्यांचं सगळं गणित भायखळ्यावर अडलेलं होतं. "भायखळ्याला एवढ्यात अख्खी बस रंगवून दिली असती," ते मला सांगायचे, "वर कंडक्टरला नवी टोपी." ते देश सोडून आले त्याला किती वर्षं झाली होती, तिकडे आता भाव काय असतील, असले प्रश्न त्यांच्या भायखळ्याला लागू नव्हते. तिथे सगळं होतं तसंच होतं.

"लिलीबाय, विचार त्याला, रंगाचा डबा केवढ्याचा? त्यातला वाटीभर लागतो. मग सातशे कसले?"

"बोल त्याला, डब्याचे पैसे कोण घेतो? ठोकायला लागतं. पुटी भरायला लागतं. पाण्याच्या पेपरने घासायला लागतं, अर्धा दिवस. रंग मारायला पाच मिनिटं पण लागत नाय. पैसे घासण्याचे आहेत."

"मग बाजूच्या पत्र्याचे कशाला लावतो? तो कुठे ठोकलाय?"

"बोल त्याला, पांढरा रंग उन्हात पिवळा पडतो. नुसता दरवाजा रंगवला तर थिगळ दिसेल. बाजूच्या पत्र्यावर पण हलका हात फिरवायला लागतो, मग कळत नाय नवा कुठे संपला आणि जुना कुठे सुरू झाला."

"बोल त्याला, मला कळलं तरी चालेल. माझे डोळे तसे पण अधू आहेत."

"बोल त्याला, माझे चांगले आहेत."

सकाळचे असे दोन-तीन तास जायचे. चहा व्हायचा, परत चहा व्हायचा. सातशेचे सव्वासहाशे होत, तिथून पन्नास वर जात, कारण काकांनी मध्येच मागच्या बंपरचा विषय काढलेला असे. एकदा मला फार कंटाळा आला. सॅमसन म्हणाला, "बोल त्याला, सातशे," आणि मी काकांकडे वळून म्हटलं, "पाचशे." म्हटलं, मिटवा एकदाचं. काका दचकले. माझ्याकडे रागाने बघत राहिले.

"तो सातशे बोलला ना?"

"तुम्हाला ऐकू आलं ना? मग मला कशाला विचारता?"

"तू नीट सांग. तो सातशे बोलला तर सातशे सांग. माझ्या भावाचा भाव तू कमी करू नको."

'माझा भाऊ' हे शब्द सॅमसनसमोर त्यांच्या तोंडून मी तेवढे एकदाच ऐकले. सॅमसन उठून शेडमध्ये गेला आणि उगाच कोणाच्या तरी गाडीवर पाणी मारत बसला.

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाची गाडी एवढ्या वेळा ठोकली कशी जाते? दर दीड-दोन महिन्यांनी काका हजर. कधी मागचा दरवाजा, कधी फेंडर, कधी डिकी. आणि प्रत्येक वेळी कारण तयार. विजेचा खांब मागे आला. सुपरमार्केटची ट्रॉली उतारावरून सुटली. एकदा तर म्हणाले, उंटाने लाथ मारली. अश्केलोनच्या समुद्राकाठी, रहदारीत, उंटाने.

सॅमसन त्या दरवाज्यासमोर उकिडवा बसला. खोलगट जागेवरून त्याने अंगठा फिरवला. गाडी आपटली तर पत्रा लांबवर दबतो. इथे एवढासा गोल ठसा होता, मधोमध, आणि रंग तेवढ्याच गोलात टवका होऊन उडालेला.

"बोल त्याला," सॅमसन मला म्हणाला, "उंटाला हातोडा धरता येत नाय."

काकांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची घडी केली. "विचार त्याला," ते म्हणाले, "उंटाचे किती?"

सॅमसनने भाव सांगितला. दोन तास घासाघीस झाली. त्या दिवशी मला हसू आवरेना, आणि घरी गेल्यावर भाजी चिरताना रडू आवरेना. आपल्याच गाडीला आपल्याच हाताने हातोडा मारायचा, मग दोन तास गाडी चालवत यायचं, पदरचे पैसे द्यायचे. कशासाठी, तर भावासमोर बसायला मिळावं आणि त्याने सांगितलेली किंमत ऐकायला मिळावी म्हणून. आणि दुसरा तो, सगळं समजून-उमजून पुटी भरत बसणारा. गॅरेजात रंगाला दोन चांगले कारागीर होते. पण या गाडीला सॅमसन त्यांना शिवू देत नसे. स्वतः घासायचा, स्वतः मास्क बांधायचा. काकांचा तो दरवाजा असा व्हायचा की दुकानातल्या नव्या गाडीने लाजावं.

पण बोलायचं नाही म्हणजे नाही.

का, ते सांगते. यांची आई अश्केलोनला काकांकडे असायची. एका शुक्रवारी सकाळी ती दवाखान्यात वारली. सॅमसन तेव्हा पार दक्षिणेच्या टोकाला, एलातला, एका ओळखीच्या गॅरेजात आठवडाभराच्या कामावर होता. मोबाइल कोणाकडे नव्हते. आमच्यात मयत ठेवत नाहीत. या देशात तर सकाळी गेलेलं माणूस दुपारी मातीत असतं. त्यात शुक्रवार. संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, लागला की रविवारपर्यंत हलवता येत नाही. सिनेगॉगमधली वडीलधारी मंडळी म्हणाली, उरकून घ्या. काकांनी उरकलं. सॅमसनला निरोप मिळाला दुपारी, तो गाडी हाणत आला, आणि दारात पोचला तेव्हा घरात शब्बाथचे दिवे लागत होते.

इथे प्रेताला पांढऱ्या कापडात बांधतात. पेटी नाही, तोंड उघडं ठेवणं नाही. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. पण आपण कोकणातून आलेली माणसं. आपल्याकडे शेवटचं तोंड बघायला माणूस रात्रीची होडी करून येतो, आणि तो येईपर्यंत चार माणसं थांबतात. सॅमसन दारातूनच म्हणाला, "एक दिवस थांबला असतास तर काय झालं असतं? तू बघितलंस ना आईचं तोंड? मला का नाय बघू दिलंस?"

काका म्हणे मान खाली घालून उभे राहिले. सॅमसन तसाच वळला, शेजाऱ्यांकडे शब्बाथ काढला आणि सुतकाचे सात दिवस, आमच्यात जमिनीवर बसून पाळतात ते, बसला तो बेर्शेबाला, आपल्या घरी, एकटा. एका आईची दोन मुलं दोन गावांत जमिनीवर बसली. हे मला सॅमसनच्याच बायकोने सांगितलं. "त्याचा राग आईसाठी नाही," ती म्हणायची, "थोरल्याला मिळालं आणि मला नाही मिळालं, त्याचा आहे."

आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला काका अश्केलोनच्या कबरस्तानात जात. सॅमसनही जाई, पण दुसऱ्या दिवशी.

नव्या वर्षाच्या सणाला काका नारळाच्या दुधातला हलवा करून आणायचे, आई करायची तसा. स्वतः नारळ खवून, स्वतः ढवळून. डबा माझ्या टेबलावर ठेवत आणि मोठ्याने सांगत, "लिलीबाय, हा तुला." एवढा हलवा मला एकटीला देण्याइतकं माझ्यात काय होतं? काका गेले की सॅमसन हात धुऊन यायचा आणि उभ्या उभ्या चार वड्या खायचा. मग म्हणायचा, "नारळ कमी पडला." मी हे पुढच्या वेळी काकांना सांगायची. पुढच्या वर्षी नारळ जास्त असायचा.

अशी वर्षं गेली. माझी पोरं सैन्यातून सुटून आली, मराठीत हाक मारली तर हिब्रूत ओ द्यायला लागली. गॅरेजातले कारागीर बदलले. काकांची मान थरथरायला लागली. हातोड्याचे ठसे आता नेमके बसत नसत, एका ठिकाणी दोन-तीन असायचे. सॅमसन भाव वाढवत नव्हता. उलट तोच आता घासाघीस लांबवायचा. काका थकून लवकर कबूल व्हायला लागले की म्हणायचा, "बोल त्याला, मी अजून प्रायमरचे सांगितले नाय." काका लगेच खुर्चीत ताठ व्हायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार आणि एक दिवस दोघांतला एक जण यायचा बंद होईल. मी सॅमसनला एकदा म्हटलंही, "अरे, किती दिवस? तुमचं दोघांचं वय काय?" तो म्हणाला, "तू कागद बघ."

मग सीमेपलीकडून अश्केलोनवर रॉकेटं पडायला लागली. पहिल्यांदा बातमी आली तेव्हा सॅमसनने रेडिओ माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यानंतर भोंगा वाजल्याचं कळलं की तो हातातलं काम टाकून माझ्यापाशी यायचा. "फोन लाव," एवढंच बोलायचा. मी लावायची. पलीकडून काका म्हणायचे, "जिन्यात बसलोय, बोल त्याला." मी बोलायची. तो परत कामाला जायचा.

एका सकाळी फोन लागेना. मी लावत राहिले, सॅमसन काचेला टेकून उभा राहिला. त्याच्या हातातला घासायचा पेपर ठिबकत होता, माझ्या फरशीवर. खूप वेळाने काकांनी उचलला.

"लिलीबाय, बोल त्याला, गाडीला लागलं. मला नाय लागलं."

आठवड्याने ते गाडी घेऊन आले. ती गाडी बघून शेडमधली ठोकाठोक थांबली. पूर्ण डावी बाजू, इथे ड्रायव्हरची, भोकांनी भरलेली होती. काचांच्या जागी प्लास्टिक चिकटवलेलं, पत्रा जागोजागी आत वळलेला. काका इस्त्रीचा शर्ट घालून त्यातून उतरले आणि माझ्या खोलीत आपल्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसले.

सॅमसन गाडीपाशीच उभा होता. काचेतून मला दिसत होता. ड्रायव्हरच्या दरवाज्याला बोटभर भोक होतं, त्यात त्याने बोट घातलं. मग दरवाजा उघडला, वाकला. ते भोक जिथे आत निघालं होतं, तिथून सरळ पुढे सीटची पाठ फाटलेली होती. आतला पिवळा स्पंज बाहेर आला होता. सॅमसन तिथे बराच वेळ वाकलेला राहिला. मग आत येऊन स्टुलावर बसला. तोंड पांढरं पडलं होतं.

मी चहा ठेवला. काकांनी घसा खाकरला. "लिलीबाय," ते म्हणाले, "विचार त्याला…"

आणि थांबले.

कारण विचारायला काही नव्हतं. असल्या नुकसानीचे पैसे सरकार भरतं. सरकारी माणूस येऊन गाडी बघून गेला होता, आकडा ठरला होता, तो कागद काकांनी माझ्या टेबलावर ठेवला. दरवाज्याचे किती, फेंडरचे किती, प्रायमरचे किती, सगळं ठरलेलं. कमी करायची सोय नाही, वाढवायची सोय नाही. इतक्या वर्षांत या दोघांना बोलायला तेवढाच एक विषय होता, आणि तो सरकारने मिटवून टाकला. काका टेबलाकडे बघत बसले. मला त्यांची एवढी कीव आली की मीच काहीतरी बोलणार होते, उंट, भायखळा, काहीही.

तेवढ्यात सॅमसन म्हणाला, "कसं दिसत होतं तोंड?"

मला वाटलं, मलाच सांगतोय. सवयच पडलेली. मी काकांकडे वळले, "काका, तो विचारतोय…" आणि बघते तर सॅमसन माझ्याकडे बघतच नव्हता. काकांकडे बघत होता.

काकांनी मला हाताने गप्प केलं.

"आईचं," सॅमसन म्हणाला. "बांधायच्या आधी. त्रास झाल्यासारखं दिसत होतं, की शांत होतं? एवढंच सांग. मग मी काय विचारणार नाय."

काकांनी टेबलावरचा सरकारी कागद सरळ केला. त्यांची मान हलत होती, पण ती तशीही हलायची.

"मी नाय बघितलं रे," ते म्हणाले.

सॅमसनला कळलं नाही. मलाही नाही.

"मी दवाखान्यात पोचलो तर खालीच बोलले, गेली. मी बोललो, तुला आधी कळवतो, मग वर जातो. खाली फोन होता. एलातला त्या गॅरेजात लावला, कोण उचलेना. मग हॉटेलं. एकेक हॉटेल लावलं. मग पोलिसांना लावला, बोललो, असा असा माझा भाऊ आहे, बुटका, रंगाचं काम करतो, शोधा. नाणी संपली, सुट्टे आणायला गेलो, परत लावला. वर गेलो तेव्हा मयताला आंघोळ घालणाऱ्या बायका तिला घेऊन गेल्या होत्या. मी दाराशी थांबलो. बाहेर आणली ती बांधूनच. मी बोललो, जरा तोंड सोडा, माझी आई आहे. त्या बोलल्या, एकदा बांधलं की सोडत नाय. मी कापड बघितलं, सॅमसन. तू पण तेच बघितलं असतं."

बाहेर कोणीतरी कंप्रेसर चालू केला आणि कोणीतरी लगेच बंद करायला लावला.

"मग बोलला का नायस?" सॅमसनचा आवाज फाटला. "त्या दिवशी दारात विचारलं मी. एवढी वर्षं माझा राग सोसलास. बोलला का नायस?"

"तू दारात उभा होतास," काका म्हणाले. "बोललास, तू बघितलंस ना. तुला वाटत होतं, मी बघितलं. मी विचार केला, वाटू दे. दोघांतल्या एकाने तरी आईला बघितलं, असं तुझ्या मनात होतं. मी 'नाय बघितलं' बोललो असतो, तर तिला कोणीच बघितलं नाय, असं झालं असतं. ती तशीच गेली, पोटची दोन पोरं असून, असं झालं असतं. ते तुला सहन झालं नसतं."

"तुला झालं?"

"मी थोरला आहे," काका म्हणाले.

सॅमसन स्टुलावरून उठला तो सरळ त्यांच्या खुर्चीपाशी फरशीवर बसला. रंगाने भरलेले हात त्याने काकांच्या इस्त्रीच्या शर्टाला लावले आणि "दादा" म्हणाला. काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि तेही हळूहळू, गुडघे धरत, खाली फरशीवर उतरले, त्याच्या शेजारी. दोघे म्हातारे माझ्या टेबलापाशी जमिनीवर बसून रडत होते. मीही रडत होते, पण माझं तिथे काही काम नव्हतं. मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

शेडच्या तोंडाशी एक तरुण मुलगा गाडी घेऊन उभा होता. पुढचा दरवाजा चेपलेला. हिब्रूत म्हणाला, रंगवायचे किती घ्याल?

"आज बंद आहे," मी म्हटलं.

त्याने आत उभ्या कारागिरांकडे बघितलं. "का? काय झालं?"

"मयत झालीय मालकांकडे."

"अरेरे. कोण गेलं?"

"आई," मी म्हटलं. "दोघांची."